मऊ सीट

तिला सगळी इमारत हेडमास्तरीण म्हणायची. आयुष्यात तिने कुणाला काही शिकवलं नव्हतं. पण नवऱ्याला खुर्चीतून उठबस करायला लावायची, तेवढ्यावर हे नाव चिकटलं.

नवरा लाइनमन. उभी हयात विजेच्या खांबांवर चढण्यात गेली आणि म्हातारपणी एका तापाने असा आडवा केला, की ताप उतरला तरी माणूस उठेना. डॉक्टर म्हणाले, "आजार नाही, अंगातली ताकद गेलीये. याला गोळी नाही. चालवा, उठवा, नीट खाऊ घाला."

तिने कंबर कसली. पाण्याचा ग्लास हातात देणं बंद केलं. पेपर दारातून त्यांनीच आणायचा. अंडी, दूध नको म्हणाले की ती डोळे वटारायची. आधी जिन्याच्या दोन-चार पायऱ्या, मग अख्खा मजला. शेजारणी म्हणाल्या, बाईला काळीजच नाही. म्हणोत बापड्या. त्यांचे नवरे धडधाकट होते.

आज लेक बापाला न्यायला आली होती. तिच्याकडे तळमजल्यावरचं घर, दिमतीला माणूस, चाकांची खुर्चीसुद्धा आणून ठेवलेली. कपड्यांची बॅग भरून झाली. लाइनमन उठायला गेले आणि धपकन मागे बसले. लेक धावली, तर आई आडवी आली.

"तुला काही दयामाया आहे का गं? पडले म्हणजे?"

"आणि कायमचे बसले म्हणजे? तुझ्याकडे सगळं हातात मिळेल. मग हा जिना ते पुन्हा चढणार नाहीत. मला माझा माणूस चालता हवाय."

"मला कुणी विचारणार आहे का?" लाइनमन म्हणाले. पाय मागे घेतले, पुढे झुकले आणि थरथरत उभे राहिले. "चल गं पोरी. तिथे कुणी डोळे तरी वटारणार नाही."

ज्या पायांसाठी हेडमास्तरीण एवढी वाईट झाली, तेच पाय दाराबाहेर चालले होते. आणि तिला अडवायचं सुचेना.

जिन्यावरून पावलं उतरत गेली. थांबली, पुन्हा उतरली. मग खाली गाडीचं दार लागलं. ती तिथेच उंबऱ्यात बसली. मी जरा गोड बोलले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटून तिला स्वतःचा संताप आला. गाडी सुरू झाल्याचा आवाज मात्र येईना. बराच वेळ येईना. पडले की काय? ती कठडा धरून खाली वाकली.

लाइनमन वर येत होते. चेहरा पांढराफटक, मुठीत कठडा. मागे बॅग घेतलेली लेक. हेडमास्तरीण उतरायला लागली तसे ते म्हणाले, "तिथेच थांब."

ती थांबली. मधल्या वळणावर त्यांचा गुडघा लचकला आणि सगळा भार कठड्यावर आला. तिने स्वतःचा पदर दातात धरला. पुढे चार पावलं टाकली असती तर ते तिच्या हाताशी होते. नाही टाकली. श्वास जमल्यावर त्यांनी पाय उचलला.

दारात पोचल्यावर भिंतीला टेकून ते धापा टाकत राहिले.

"गाडीत बसला नाहीत?" तिने विचारलं.

"बसलो की. इतकी मऊ सीट, की खाली रुतलो. सहज उठून बघितलं तर उठता येईना. पुन्हा केलं, तरी नाही. घाबरलो गं मी."

"मग?"

"हिला म्हटलं, हात देऊ नको." त्यांनी लेकीकडे बघितलं. तिचे डोळे सुजले होते. "रडली माझी पोर. पण हात दिला नाही."