विमलकाकूंचं गाणं आणि उतरलेले सेल

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. हल्ली मिळतो तो कॅसेटचा पिटुकला नव्हे हं! माझ्या डोक्यावर दोन चकत्या असतात, एकीवरची फीत फिरत फिरत दुसरीवर गुंडाळली जाते, आणि मला उचलायचं तर खांदा मजबूत लागतो. जन्म माझा जर्मनीतला. पण बोलतो मराठी, कारण जन्मभर कानावर तेच पडलं. बंगालीही येतं थोडं, पण उगाच मिरवत नाही.

अडुसष्ट साली कुणी साहेब कलकत्ता सोडून निघाला आणि जाता जाता मला एस्प्लनेडच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात देऊन गेला. दोन महिने मी तिथे धूळ खात पडलो होतो. मग एक दिवस श्रीकांत सबनीस आले. ते कॉलेजात गणित शिकवायचे आणि त्यांचं घराणं तीन पिढ्या भवानीपुरात होतं. मी विजेवरही चालतो आणि सेलवरही, हे ऐकलं आणि त्यांचे डोळे चमकले.

घरी पोचलो तर नलिनीबाईंनी दारातच विचारलं, "अहो, हे काय धूड आणलंत? ठेवायचं कुठे?" मला रागच आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुन्या साडीचं झालरवालं आच्छादन शिवून मला घातलं. त्यांची मुलगी वृंदा तेव्हा तेरा वर्षांची होती. तिने माझ्यात पहिला शब्द भरला तो "हॅलो", आणि नंतर पाच मिनिटं नुसतं हसू.

आमच्या घरी दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी आसपासची मराठी माणसं जमायची. आमची माणसं म्हणजे कोण? काही सबनिसांसारखी इथंच जन्मलेली, काही बँकेत नाहीतर सरकारी हपिसात बदलून आलेली. चहापोहे झाले की गाणी. नियम सबनिसांचा होता आणि कडक होता. सिनेमातलं गाणं चालणार नाही, रेकॉर्डवर निघालेलंही नाही. स्वतः रचलेलं किंवा आपल्या ओळखीत कुणी रचलेलं गाणं आणायचं. आणि आधी त्या गाण्याची आठवण सांगायची, मगच तोंड उघडायचं.

काय काय ऐकलंय म्हणून सांगू! बँकेतल्या प्रमोदरावांनी धाकट्या भावाच्या मुंजीत त्यांच्या आत्याने रचलेलं गाणं म्हटलं आणि आत्याचा मार सांगता सांगता स्वतःच रडले. वृंदा कॉलेजात गेल्यावर गच्चीवर गिटार वाजवणाऱ्या पोरांची बंगाली गाणी आणू लागली. त्यांनीच लिहिलेली, त्यांनीच चाल लावलेली, कुठेही न छापलेली. बायका म्हणायच्या, "अर्थ सांग आधी, मग गा." ती सांगायची, तिच्या त्या अडखळत्या मराठीत. मी सगळं भरून घ्यायचो. या घरातल्या आठवणींचा राखणदार मीच, अशी माझी अगदी पक्की समजूत झाली होती.

आता विमलकाकूंबद्दल सांगतो. कारण हे सगळं त्यांच्यासाठीच सांगतोय.

विमलकाकू कलकत्त्याबाहेर बजबजला राहायच्या, नदीजवळच्या दोन खोल्यांत. त्यांचे यजमान तिथल्या ताग गिरणीत कारकून होते. ते जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सोळाव्या वर्षी लग्न होऊन वऱ्हाडातून ज्या आल्या त्या इथल्याच झाल्या. दर महिन्याला लोकल पकडून यायच्या, कोपऱ्यात बसायच्या, सगळ्यांची गाणी ऐकायच्या आणि "माझं कुठलं आलंय गाणं!" म्हणून विषय टाळायच्या. तीन वर्षं अशीच गेली.

त्र्याहत्तर सालच्या एप्रिलमध्ये मात्र त्या आपण होऊन म्हणाल्या, "आज मी म्हणते."

नेमकी त्याच दुपारी वीज गेली. त्या वर्षी ती रोजच जायची. सबनीस म्हणाले, "हरकत नाही, सेल आहेत." सेल होते हो, पण कसले! आमच्या नलिनीबाई संपलेला सेल कधी टाकायच्या नाहीत. गच्चीवर कुरडयांच्या शेजारी सेलांची रांग मांडायच्या, दोन दिवस ऊन द्यायच्या आणि पुन्हा माझ्या पोटात भरायच्या. "चांगले चालतात की अजून!" म्हणायच्या. चालायचे, पण रडतखडत.

काकूंनी आठवण सांगितली. नवी नवरी, भाषा येत नाही, यजमान दिवसभर गिरणीत. खिडकीतून नदी दिसायची. भरती आली की ती नदी उलटी, समुद्राकडून वर वाहायची. वऱ्हाडात असलं काही पाहिलेलं नव्हतं. "मला वाटायचं, ही रोज दोनदा माहेरी जाते. आणि मी? मला पहिल्या खेपेला जायला सात वर्षं लागली. तोवर आई राहिली नव्हती." एवढं बोलून त्या गायल्या:

इथली गं नदी आई, माघारी वळे दोनदा
मला सांग येऊ कधी, तुझ्या दारी मी एकदा

पुढेही चार कडवी होती.  इकडे माझी चाकं जडावली होती, फीत हळू सरकत होती, मला ते कळत होतं. पण मी सांगणार कसा? मला जे ऐकू येतं तेवढंच मला बोलता येतं.

शेवटचं कडवं झालं आणि वीज आली. सगळ्यांनी एकच गलका केला, "लावा, लावा, काकूंना ऐकवा!" सबनिसांनी माझी वायर भिंतीत खोचली आणि मी भरधाव सुटलो. हळू भरलेली फीत वेगाने फिरली की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. काकूंचा तो शांत, खालचा आवाज चिरका होऊन तुरुतुरु पळू लागला. आधी वृंदा फिसकन हसली. मग प्रमोदराव. मग सगळेच. मुद्दाम नव्हे हो, हसू आवरेना म्हणून. पण हसले.

काकूही हसल्या. जन्मात पहिल्यांदाच स्वतःचा आवाज ऐकत होत्या बिचाऱ्या. त्यांनी हळूच विचारलं, "अशी गाते का गं मी?" त्या गोंधळात उत्तर कुणीच दिलं नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या, गाडीची वेळ झाली म्हणाल्या आणि गेल्या.

मेच्या रविवारी काकू आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पत्र आलं. पुतण्याने नागपूरला बोलावलं होतं, येत्या गुरुवारी त्या बजबज कायमचं सोडून निघणार होत्या. खाली एक ओळ होती: "ते माझं गाणं तेवढं पुसून टाका. कुणाला हसायला नको."

वृंदाने ते पत्र दोनदा वाचलं. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसली आणि पुसण्याआधी एकदा ऐकावं म्हणून तिने ते गाणं लावलं. पुन्हा तोच चिरका आवाज. यावेळी ती हसली नाही. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं, आणि मधेच वीज गेली. तिने अंधारात चाचपडत माझं बटण सेलकडे वळवलं. पोटात अजून नलिनीबाईंचे तेच वाळवलेले सेल होते. मी कण्हत कण्हत फिरू लागलो.

आणि काय सांगू! काकू गाऊ लागल्या. त्यांच्या स्वतःच्या आवाजात. जशा त्या दुपारी गायल्या होत्या अगदी तशा.

"आई! बाबा! इकडे या!" वृंदा तिच्या अडखळत्या मराठीत किंचाळली. "ही काकूंची आवाज! ही खरी आवाज!"

सबनीस धावत आले. दोन ओळी ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. गणिताचा माणूस, लगेच उलगडा झाला. "बंद कर, बंद कर! सेल संपतील! याच सेलांवर हे गाणं नीट वाजणार आहे. आणि काकूंनी ते ऐकायलाच हवं." 

नलिनीबाई एवढंसं तोंड करून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या काटकसरीने त्या माउलीची फजिती केली." पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच सेल त्यांनी गच्चीवर नेले, आणि दिवसभर सावली पुढे सरकेल तसे हाताने उन्हात सरकवत राहिल्या. शेजारची बंगाली बाई बघतच राहिली.

बुधवारी सकाळी मला चादरीत गुंडाळून वृंदा आणि सबनीस बजबजच्या लोकलमध्ये चढले. मी वृंदाच्या मांडीवर होतो. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नाही. पोटातले सेल जेमतेम जिवंत. गाणं चार मिनिटांचं. मधेच मी दम सोडला तर काकू उद्या गाडीत बसणार, आणि आपला आवाज हसण्यासारखा आहे हेच मनात घेऊन जाणार.

काकूंच्या खोलीत ट्रंका बांधलेल्या होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. "हे कशाला आणलंत? पुसा म्हटलं होतं ना?"

"काकू, मी हसले. चुकलं माझं," वृंदा म्हणाली. "पण ते तुम्ही नव्हताच. एकदा ऐका. मग मी तुमच्यासमोर पुसते."

तिने बटण दाबलं. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. पहिली ओळ निघाली, दुसरी निघाली. काकू मान खाली घालून बसल्या होत्या. तिसऱ्या कडव्याला त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. असं माझ्याकडे आजवर कुणीच बघितलं नव्हतं.

"अगं," त्या म्हणाल्या, "ही तर माझी आई गातेय."

 काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "अस्साच आवाज होता तिचा. पन्नास वर्षांनी ऐकतेय मी." शेवटची ओळ संपली आणि माझी चाकं थांबली ती थांबलीच. सेल मेले.

सबनीस म्हणाले, "मी नवे सेल घेऊन येतो. तुम्ही पुन्हा म्हणा, आता नीट भरून घेऊ."

काकूंनी मान हलवली. "नको. त्याला नको. हिला शिकवते."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? राखणदार म्हणवणारा मी, ट्रंकेवर मुका बसून होतो. समोर काकू एक ओळ म्हणायच्या, वृंदा तीच परत म्हणायची. चुकली की काकू तिच्या मांडीवर चापट मारायच्या, "घाई नको. नदीला घाई असते का?" दुपारच्या गाडीपर्यंत पाचही कडवी झाली. निघताना वृंदाने विचारलं, "फीत पुसू?" काकू म्हणाल्या, "आता काही कर गं. मला काय त्याचं?"

तिने पुसली नाही. पण विजेवर ती कधी लावलीही नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. माझी मोटार जळून दोन वर्षं होतील. आता मी कपाटावर असतो, खाली तो पिटुकला कॅसेटवाला तोऱ्यात बसलेला असतो. गेल्या महिन्यात नागपूरहून पत्र आलं, काकू गेल्या. रविवारी सगळे जमले आणि प्रमोदराव माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यांचं गाणं यात आहे. पण आता वाजणार कसं?"

वृंदा उभी राहिली. आता तिचं लग्न झालंय, डमडमला राहते, मांडीवर वर्षाचं पोर असतं. तिने पोर नलिनीबाईंकडे दिलं आणि नियमाप्रमाणे आधी आठवण सांगितली. "हे गाणं विमलकाकूंचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते." तिने काहीही लपवलं नाही. मग ती गायली.

माझ्या झाकणाखाली काकूंची फीत अजून तशीच आहे. आजवर मला वाटायचं, कुणीतरी मला दुरुस्त करावं, काकूंना सोडवावं. परवापासून तसं वाटत नाही. आता मला भंगारात दिलंत तरी मी कुरकुर करणार नाही. फक्त एक मागतो: तुमच्या घरात असं कुणाचं गाणं असेल तर ते त्या माणसाच्या समोर बसून शिकून घ्या, माझ्यावर सोडू नका.

कारण त्या रविवारी मी कपाटावरून नीट ऐकलं. 'तुझ्या दारी' म्हटल्यावर काकू थांबायच्या, वय झालं होतं, तिथे त्यांना धाप लागायची. वृंदा पंचविशीतली आहे, तिला कसली धाप? पण तीही 'तुझ्या दारी' म्हणाली, थांबली, काकूंइतकाच एक श्वास घेतला, आणि मग म्हणाली, 'मी एकदा'.