वहिनींचा टोप

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे. स्वयंपाकघरातला नव्हे हं, डोक्यावर घालायचा, केसांचा. हल्ली सगळे मला विग म्हणतात. म्हणोत बापडे. मेकअपच्या खोलीत आरशाशेजारी एक फळी आहे आणि त्या फळीवर एक लाकडी डोकं आहे. त्याला ना नाक, ना डोळे. त्या डोक्यावर माझा मुक्काम असतो. आज तुम्ही मला पाहाल तर मी पांढराशुभ्र दिसेन. पण हा पांढरेपणा वयाचा नाही. तो कसा आला, तेच मला सांगायचं आहे.

माझे केस एका मुलीचे आहेत. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही, कारण तिचे केस कापले गेल्यावरच माझा जन्म झाला. टोप विणणाऱ्या बाईंनी ते केस हातात घेतले आणि म्हणाल्या की इतके लांब, इतके काळेभोर केस हल्ली बघायलाही मिळत नाहीत. मग त्यांनी जाळी ताणली आणि बारीक आकडीनं एकेक केस ओवून गाठ मारायला घेतली. कपाळाच्या कडेला तर एका भोकात एकच केस, कुणी कितीही जवळून पाहिलं तरी उगवलेलेच वाटावेत असे. दीड महिना त्या बाई मान मोडून बसल्या होत्या. शेवटची गाठ मारली तेव्हा त्यांनी मला स्वतःच्या मुठीवर चढवलं, गोल फिरवून बघितलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला. एवढी माया नंतर माझ्या वाट्याला फार वेळा आली नाही.

ज्यांच्यासाठी मला विणलं, त्या टीव्हीवरच्या मालिकेत काम करायच्या. मालिकेत त्या एका मोठ्या घरातल्या थोरल्या वहिनी होत्या. म्हणून लेखकापासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे. मालिकेतल्या वहिनी पस्तिशीच्या. खऱ्या वहिनींनी काम सुरू केलं तेव्हा त्या सेहेचाळीस वर्षांच्या होत्या. मालिका चौदा वर्षं चालली. मालिकेतली मुलं मोठी झाली, लग्नं करून बसली, पण वहिनींची पस्तिशी काही उलटेना. लोकांना तेच आवडायचं.

हे कसं जमायचं, ते सांगतो. त्यात माझा मोठा वाटा होता आणि मला त्याचा गर्वही होता. मेकअप करणारे गृहस्थ वहिनींपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठे असतील. त्यांना सगळे दादा म्हणायचे. सकाळी सहाला दादा वहिनींच्या विरळ केसांच्या बारीक वेण्या घालून त्या डोक्याला चापून बसवायचे. मग दोन्ही कानशिलांवर आणि कानांमागे गोंदानं पारदर्शक पट्ट्या चिकटवायच्या. पट्ट्यांना दोऱ्या. त्या दोऱ्या मागे ओढून टाळूवर गाठ मारली की गाल वर जायचे, डोळ्यांच्या कडा वर जायच्या, गळ्याची सैल कातडी आत जायची. वर मी. पट्ट्या, दोऱ्या, गाठी, सगळं माझ्या पोटात. गळाबंद पोशाख, समोरून दिवा, मांडीवर उजेड परतवणारा पांढरा पुठ्ठा. वहिनी चहा ओतताना हात जवळून दाखवायचे असले, की वीस वर्षांची एक मुलगी यायची आणि तिचे हात दाखवायचे. सगळ्यांचं अळीमिळी गुपचिळी.

आरशाच्या कडेला वहिनींचा एक फोटो लावलेला होता, पहिल्या भागाच्या दिवशीचा. दादा रोज डोळ्यांत तेल घालून तो फोटो आणि समोरचा चेहरा जुळवायचे. थोडा फरक वाटला की दोरीला आणखी एक पीळ. वर्षाला एक पीळ वाढत गेला. लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे, वहिनी, तुम्ही मुळीच बदलला नाहीत. वहिनी हसायच्या. फार हसायची सोय नव्हती, पट्ट्या सुटायच्या. मी मात्र आतल्या आत फुगायचो, कारण ती शाबासकी निम्मी माझी होती.

पण त्यांच्या डोक्याला जे कळायचं ते फक्त मला कळायचं. दुपारपर्यंत कानशिलं ठणकायला लागायची. पट्टीखालची कातडी आधी लाल झाली, मग सोलली, मग ओली राहू लागली. एकदा मला धुवायला म्हणून वहिनी घरी घेऊन गेल्या. तिथे त्यांची लेक होती आणि लेकीची चार वर्षांची लेक. वहिनी तोंड धुऊन, मलम लावून बसल्या आणि टीव्हीवर मालिका लागली. लेकीनं टीव्हीकडे बोट दाखवून मुलीला म्हटलं, बघ, आजी. नात एकदा टीव्हीकडे बघे, एकदा वहिनींकडे. मग तिनं टीव्हीकडे पाठ केली आणि वहिनींच्या गालाची सैल कातडी दोन बोटांत धरून म्हणाली, आजी ही. सगळे हसले. मी बाथरूमच्या दांडीवर टपटप गळत होतो.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोंद बंद. नाहीतर जखम चिघळेल. वहिनींनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी सहाला खुर्चीत येऊन बसल्या. काम सोडून जाणार कुठे? वहिनी दिसल्या नाहीत तर वहिनींना विचारतं कोण?

अशात एक बातमी आली. त्याच वाहिनीवर एक नवी मालिका येणार होती आणि तिची नायिका होती सत्तर वर्षांची, घड्याळं दुरुस्त करणारी म्हातारी. वहिनींनी तिच्या संवादांचे कागद मिळवले आणि दादांना वाचून दाखवले. त्यांचा आवाज मी चौदा वर्षं ऐकत होतो, पण तसा कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, "दादा, ह्यात दोऱ्या लागणार नाहीत. हातसुद्धा माझेच चालतील."

त्या दिवसापासून त्यांनी जुनी घड्याळं गोळा केली. मधल्या सुट्टीत बारीक चिमटा घेऊन त्या ती उघडायच्या, कानाला लावून ऐकायच्या, पुन्हा जोडायच्या. स्क्रू हरवायचा, मग दादा आणि वहिनी दोघं गुडघे टेकून जमिनीवर शोधत बसायचे. मी फळीवरून बघायचो आणि मला भलतीच काळजी लागायची. त्या म्हातारीला काळा टोप लागणार नव्हता. वहिनींना ते काम मिळालं, की माझं काय? पण खरं सांगतो मित्रांनो, त्या जखमेचा ओलेपणा रोज माझ्या जाळीला लागत होता. त्यांना ते काम मिळावं, असंच मला वाटायचं.

चाचणीचा दिवस आला. आणि त्या दिवशी जे झालं, ते फक्त ह्याच दोघांच्या हातून होऊ शकलं असतं. वहिनी खुर्चीत बसल्या. मनात संवाद घोकत होत्या, डोळे मिटलेले. दादाही मनातल्या मनात तेच संवाद म्हणत होते. हात आपोआप चालू लागले. वेण्या झाल्या. पट्ट्या चिकटल्या. दोऱ्या ओढल्या. गाठ. वर मी. फोटोशी चेहरा जुळला तशी दादांनी नेहमीसारखी मान हलवली. मग त्यांनी बारीक कुंचला घेतला आणि त्या ताणलेल्या चेहऱ्यावर सुरकुत्या काढायला सुरुवात केली. माझ्यावर पांढरा रंग फवारला. आधी वहिनी केल्या, मग वहिनींची म्हातारी केली. मधल्या साठ वर्षांच्या बाईला दोघंही विसरले. मी बोंबलून सांगितलं असतं, अहो, गाठ सोडा आधी! पण टोपाला तोंड कुठलं?

दिग्दर्शक कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसला होता. तरुण होता, पण बोलायला नम्र. बराच वेळ बघून म्हणाला की सुरकुत्या काढलेल्या वाटतात, तरुण बाईनं म्हातारीचं सोंग आणल्यासारखं दिसतंय. वहिनींनी गालाला हात लावला. बोटाला दोरीचा ताण लागला आणि त्यांच्या ध्यानात आलं. दादांच्याही आलं. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, पाच मिनिटं द्या.

दादांनी मला काढून बाजूला ठेवलं. गाठ सोडली. पट्ट्या ओल्या कापसानं हळूहळू सोडवल्या आणि मग मला आपल्या मुठीवर घेतलं. वहिनींनी स्वतः तोंड धुतलं आणि तशाच दिव्यांसमोर जाऊन बसल्या. विरळ पांढरे केस, कानशिलावर दोन लाल चट्टे, खाली आलेले गाल. त्यांनी घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि ऐकलं. बस, एवढंच केलं. दिवेवाले वर शिडीवर उभे होते, तेसुद्धा हलायचे थांबले. दादा मान खाली घालून मोकळ्या हातानं डोळे पुसत होते आणि त्यांच्या मुठीवरून मी बघत होतो. दिग्दर्शकानं जवळ जाऊन त्या चेहऱ्याचा फोटो काढला. त्याला काम पसंत पडलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

मागे वाहिनीच्या मोठ्या बाई बसल्या होत्या. शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी हळूच शेजारच्याला विचारलं, ही कोण? वहिनी, असं उत्तर आलं. त्या दचकल्या. मग उठून वहिनींजवळ गेल्या, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि अगदी गोड आवाजात समजावून सांगितलं. काम सुंदर आहे. पण ह्या चेहऱ्याला लोक ओळखणार नाहीत, मग वहिनींना घेऊन उपयोग काय? आणि ओळखलं तर आणखीच पंचाईत. रोज पस्तिशीच्या दिसणाऱ्या वहिनी खऱ्या अशा आहेत, हे एकदा कळलं की ती मालिका कोण बघेल?

"तुम्ही आहात तशाच राहा, वहिनी," त्या म्हणाल्या.

वहिनी आहेत तशाच समोर बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ खाली ठेवलं. परतताना दादा दहादा म्हणाले, माझी चूक झाली, माझे हात झडले असते तर बरं झालं असतं. वहिनी म्हणाल्या, तुम्ही बरोबर केलं असतंत तरी हेच झालं असतं दादा. दुसऱ्या दिवशी सहाला त्या पुन्हा खुर्चीत होत्या. मला लागलेला पांढरा रंग निघेना म्हणून त्यांच्यासाठी दुसरा टोप आला. महिन्याभरात जखम चिघळली. वहिनी पंधरा दिवस आल्या नाहीत, तेव्हा मालिकेतल्या वहिनी परगावी गेल्या असं दाखवलं. त्या परगावाहून परत आल्याच नाहीत.

आणि माझं नशीब उघडलं, असं फळीवरचे बाकीचे टोप म्हणतात. घड्याळवाल्या म्हातारीचं काम एका एकतीस वर्षांच्या नटीला मिळालं. लोकांच्या ओळखीची, हसतमुख पोरगी. तिला पांढरा टोप हवा होता आणि मी तयारच होतो. दादांनाच बोलावलं. आरशाच्या कडेला आता दुसरा फोटो लागला, चाचणीच्या दिवशी दिग्दर्शकानं काढलेला, वहिनींच्या धुतलेल्या चेहऱ्याचा. दादा रोज तो फोटो बघून त्या कोवळ्या चेहऱ्यावर एकेक सुरकुती उतरवतात. चौदा वर्षं ज्या रेघा पुसल्या, त्याच आता काढतात. मित्रांनो, केसानं गळा कापणे हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत शिकला असाल. मी तो मनात नसताना केला आणि अजून रोज करतो आहे.

परवा घड्याळ उघडतानाचे हात जवळून दाखवायचे होते. नटीचे हात फारच गोरेगोमटे. म्हणून हातांपुरतं कुणाला तरी बोलवायचं ठरलं आणि दारातून वहिनी आल्या. डोक्याला साधा रुमाल. नटी लगबगीनं उठली, वाकून त्यांना खुर्ची देऊ लागली. वहिनींनी तिला खांदा दाबून बसवलं. आरशाच्या कडेच्या फोटोकडे बघितलं, नटीच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझी कपाळावर आलेली एक बट त्यांनी बोटानं मागे सारली.

"बरोबर काढलंत दादा," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याखालची एक राहिली."

दादांनी कुंचला रंगात बुडवला आणि तीही काढली. वहिनी सहज सांगितल्यासारखं बोलत होत्या. म्हणाल्या, घरी नात ही मालिका रोज बघते. पहिल्याच दिवशी टीव्हीकडे धावली आणि टाळ्या पिटून म्हणाली, आजी दिसली. मी शेजारीच बसले होते. काय सांगणार तिला? म्हटलं, हो, आजी आहे.

मग त्यांनी बाह्या वर केल्या आणि आत गेल्या. कॅमेऱ्याला त्यांचे फक्त हात हवे होते. हात उत्तम झाले, असं सगळे म्हणाले.

मी काय करू शकत होतो? मी टोप. ज्या डोक्यावर ठेवतील त्या डोक्यावर बसतो. ज्या मुलीचे हे केस, तिचेही आता पिकले असतील आणि तिलाही कुणी ओळखेनासं झालं असेल. माझी तुम्हाला एकच विनवणी आहे. संध्याकाळी तुमची आई, आजी, आत्या दमून घरी येतात आणि तोंड धुतात. तो धुतलेला चेहरा नीट बघून ठेवा. कुठली रेघ कुठे आहे ते पाठ करा, जमलं तर रोज नव्यानं. कुणी कधी विचारलं, ही कोण, तर पटकन सांगायला घरात कुणीतरी असावं.