परिचयाची शेवटची ओळ

"सत्तेचाळिसाव्या पानावर ती हसली की गालाला खळी पडते. बावन्नाव्या पानावरही पडते. साठाव्या पानावर ती झोपलीय, तरी पडलीच," वेलांटीताई म्हणाल्या. "नगरपालिका बुजवायला येईल हं अशाने."

"तू चुका बघ. खळ्या मोजू नकोस," उत्तरपत्रिकांवरून मान न उचलता बाई म्हणाल्या.

दोघी एकोणीस वर्षं एका घरात राहत होत्या. वेलांटीताई एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायच्या. हे नाव तिथलंच. बाई शाळेत गणित शिकवायच्या, आणि आता त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीचं, स्वतःच्या नावानिशी. प्रकाशकाच्या मते हे धाडस होतं. ते धाडस तपासणीसाठी घरीच आलं होतं, आणि सगळंच्या सगळं कॉलेजच्या वसतिगृहात घडत होतं.

खळीवाली दोन वर्षं होती, मग लग्न करून गेली. दोन वर्षांना एकशे चाळीस पानं. एकोणीस वर्षांना शून्य. ऐंशीव्या पानावरच्या चुंबनात एक स्वल्पविराम जादा होता. वेलांटीताईंनी तो काढला. चुंबन आणखी सुरळीत झालं. धंदा म्हणजे धंदा.

"मी कुठंय गं यात?"

"तू इथेच आहेस की."

"तेच म्हणतेय."

"अगं, गेलेल्या माणसावर लिहिता येतं. तू जा वर्षभर कुठेतरी, मग लिहिते."

"आणि दूध कोण तापवणार? खळी?"

शेवटच्या पानावर लेखिकेचा परिचय होता. चार ओळी. चौथी ओळ : 'मावसबहिणीसोबत राहतात.'

एकोणीस वर्षं घरमालकाला, शेजाऱ्यांना, गॅसवाल्याला हेच सांगितलं होतं. घरमालकिणीला तर दोघींची नाकंही सारखी दिसू लागली होती. पण प्रस्तावनेत बाईंनी लिहिलं होतं, यात एकही ओळ खोटी नाही.

मुद्रितं तपासणाऱ्याने लेखकाचा शब्द बदलायचा नसतो. शंका आली तर खाली रेघ मारायची, समासात प्रश्नचिन्ह काढायचं. उत्तर लेखकाने द्यायचं. वेलांटीताईंनी रेघ मारली, प्रश्नचिन्ह काढलं आणि कागद उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवला.

बाईंनी कागद उचलून रेघ मारलेली ओळ वाचली.

"सवयीने लिहिलं गेलं गं."

"मग बदल."

"तेव्हाचं वय वेडं होतं म्हणून लोक सोडून देतील. आत्ताचं कोण सोडेल? सोमवारी मला वर्गात उभं राहायचंय."

खळीशी भांडता येत होतं. सोमवारशी कसं भांडणार?

बाईंनी लाल पेनने ओळ खोडली. तिच्या जागी काही लिहिलं नाही. परिचयात त्या आता कुणासोबतच राहत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाने विचारलं, "ताई, मुद्रितशोधनाला तुमचं नाव नेहमीसारखं नकोच ना?" इतक्या पुस्तकांत त्यांनी ते कधी घालू दिलं नव्हतं. नाव दिसलं की लोक चुका घेऊन दारात येतात.

"या वेळी घाला."

"याच पुस्तकात? बहिणीचं पुस्तक बहिणीने तपासलं, असं म्हणतील लोक."

"मी त्यांची बहीण नाही."

प्रकाशकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाव लिहून घेतलं, आडनावासकट.

छापखान्याच्या पत्त्याच्या वर, पुस्तकातल्या सगळ्यात बारीक टायपात ती ओळ बसली. वेलांटीताईंनी भिंग धरून अक्षरन् अक्षर वाचलं, आणि पान छपाईला सोडलं.