आप्पांची वेळ

गुरुसिद्ध आप्पांनी पितळी वजन तागडीच्या पारड्यात ठणकन टाकलं आणि तिथूनच गोदामाकडे तोंड करून ओरडले.

"टाईम झाला! पेन खाली!"

वर्षाराणीने पेन खाली ठेवलं नाही, आपटलं. गुळाच्या थप्प्यांमधल्या चिंचोळ्या जागेत ती पाट मांडून बसली होती. समोर सराव पेपर होता, आणि त्याचा शेवटचा उतारा नेहमीसारखा कोरा होता.

"किती ऱ्हायलं?" आप्पांनी दारात येऊन विचारलं.

"दर वेळी राहतं तेवढंच."

आप्पा नुसतं "हं" म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. ते 'हं' तिला रागावण्यापेक्षा जास्त लागायचं.

बारावीनंतर बंगलोरला जाऊन कायदा शिकायचा, हे तिचं दहावीपासून ठरलेलं होतं. घरात आजवर कोणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं आणि त्याचा सगळ्यांना अभिमानच होता. "बंगलोर म्हंजे काय कागल हाय व्हय, सकाळी जाऊन सांजचं यायला?" असं म्हणत आई, रत्नव्वा, महिनाभर भांडी आपटत होती. तिचे वडील, आप्पा, मात्र एका शब्दाने हो म्हणाले होते. अट एकच: प्रवेश परीक्षा एकदाच द्यायची. नंबर लागला नाही तर इथेच बी.कॉम. करायचं आणि पुन्हा विषय काढायचा नाही.

सरावाची वेळ मोजण्याचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून गल्ल्यात टाकलं. "घड्याळाकडं बघत बसलीस तर पेपर कवा बघणार?" ते तिलाही पटलं. बसायचं आप्पांनी सांगितलं की, आणि थांबायचं वजन वाजलं की. घड्याळ परत मिळायचं ते घरी जाताना.

पण पेपर काही केल्या पुरा होत नव्हता. तिने सगळं करून पाहिलं. ओळीने सोडवणं बंद केलं. येतं ते आधी, अडलं की खूण करून पुढे, लांबलचक उतारे सगळ्यात शेवटी. हात भराभर चालायला लागला असं वाटायचं, आणि तेवढ्यात ठण्ण. एवढं करूनही आपण जिथल्या तिथेच, या विचाराने तिला रडू यायचं. तर्काच्या प्रश्नांची तिला भीती नव्हती. उलट त्यात मजा यायची. एकदा आप्पांनाच तिने समजावलं होतं.

"गूळ ओला असेल तर त्याला पाणी सुटतं. पाणी सुटलं नाही. मग काय कळलं?"

"गूळ ओला न्हाय."

"बरोबर. आणि पाणी दिसलं, तर?"

"तर गूळ ओला."

"चूक! वरचं छप्परही गळत असेल की."

"माझं छप्पर गळत न्हाय," आप्पा गंभीरपणे म्हणाले होते. रत्नव्वा स्वयंपाकघरातून इतकी मोठ्याने हसली की वर्षाराणीला शिकवणी तिथेच थांबवावी लागली.

परीक्षेसाठी पुण्याला निघायच्या आदल्या दिवशीही उतारा राहिलाच. जेवायला बसल्यावर ती ताटाकडे बघत म्हणाली, "मी जात नाही. उगाच कशाला."

रत्नव्वाने भाकरी वाढता वाढता नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की दुसरा कोणी असता तर घास टाकून उठला असता. आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"तिकिटं काढल्यात," ते म्हणाले. "जाऊन यायचं."

पुण्याच्या त्या हॉलमध्ये पहिली काही मिनिटं तिला अक्षरच दिसेना. मग हात सवयीने चालू लागला. येतं ते आधी, अडलं ते मागे. ठोका आता पडेल, मग पडेल, असं धरून ती पळत राहिली. शेवटचा उतारा आला. तोही सुटला. खुणा केलेले प्रश्नही संपले. आणि हॉलमध्ये सगळे अजून माना खाली घालून लिहीत होते.

पान सुटलं असणार. तिने सगळी पानं उलटून पाहिली, प्रश्नांचे आकडे बोटाने मोजले. काहीही सुटलं नव्हतं. मनगटावरच्या घड्याळात पाऊण तास शिल्लक होता.

मग तिने गुळाचा तोच प्रश्न स्वतःला घातला. आप्पांची वेळ खरी असेल, तर माझा पेपर पुरा होत नाही. पेपर पुरा झाला. म्हणजे?

तिने ओढणीचं टोक तोंडावर धरलं. तिला हसू येत होतं, संतापही येत होता, आणि छातीवरून गुळाची अख्खी थप्पी कोणीतरी उतरवून घेतल्यासारखं मोकळं वाटत होतं. पर्यवेक्षक बाई संशयाने बघायला लागल्या तेव्हा ती सरळ बसली आणि खुणांचे प्रश्न पुन्हा एकदा निवांत तपासू लागली.

आप्पा फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभे होते. तिचा चेहरा बघून त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"तुम्ही आधी वाजवत होता," ती म्हणाली.

"व्हय."

"का?"

"घट धरली." आप्पा चालायला लागले. "गूळ पडून सुकतोय. हितं भरला तेवढा तिकडं भरत न्हाय. म्हणून आमी वजनात आदीच घट धरतो. हॉलमदी तुजा जीव घाबरनार, थोडा येळ तसाच जानार. तेवढी घट."

"पाऊण तास?"

"सुरवातीला कुठं एवढी हुती? तू लवकर करायला लागलीस, तसा मी बी आदी वाजवायला लागलो."

वर्षाराणी भर रस्त्यात थांबली. तीन महिने ती जिथल्या तिथे नव्हतीच. ती दर आठवड्याला पुढे सरकत होती.

"आणि मी रोज उशीत तोंड खुपसून रडत होते, त्याचं काय?"

"ठावं हाय की. त्यापायी तुजी आई माज्याशी आठ दिस बोलली न्हाय." आप्पांनी टोपी काढून घाम पुसला. "काल तू जात न्हाय म्हणालीस, तवा सांगनारच हुतो. पर सांगितलं असतं, तर आज पळाली नसतीस."

भराभर चालत तिने त्यांना गाठलं आणि दटावल्यासारखं म्हणाली, "पुढच्या वेळी असलं काही करायचं नाही. खरी वेळ सांगायची."

"पुढच्या येळी मी कुठला असतोय तुज्याजवळ?" आप्पा म्हणाले आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडायला लागले.

निकालाला अजून महिना होता.