जाफरचं इंजिन आणि खोटी सुई

जाफर मिस्त्री नाकावर माशी बसू देत नसे. सांगलीत इंजिन खोलणारे, सिलेंडर आतून कोरून बोअर करणारे पुष्कळ होते, पण ‘बोअर जाफरनं केलंय’ म्हटलं की समोरचा माणूस पुढं काही विचारत नसे. हे जाफरला माहीत होतं आणि माहीत आहे हे तो लपवतही नसे. लपवावं कशाला? इंजिनांना कान लावता लावता केस पांढरे झाले, तेव्हा कुठं ते नाव मिळालं होतं.

ते नाव दादासोंनी हळदीच्या पेठेत, भर बाजारात मातीत घातलं.

दादासो म्हणजे कृष्णाकाठचे ऊसवाले. मनानं दिलदार, पण बोलायला लागले की चार गल्ल्यांना ऐकू जायचं. त्यांनी पुण्याच्या एका निवृत्त कर्नलकडून जुनी इंग्रजी गाडी आणली होती, हिरवीगार, दोन दारांची. इंजिन धूर ओकत होतं, आणि इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात ते दाखवणारं आरपीएम मीटर बंद पडलेलं. इंजिन जाफरकडे आलं. मीटर मात्र दादासोंनी मुंबईच्या भंगारबाजारात स्वतः हिंडून आणलं. चकचकीत कडेचं ते मीटर बसवायच्या आधी त्यांनी चार पाहुण्यांना दाखवलंसुद्धा.

जाफरनं बोअर केलं, नवे पिस्टन घातले, गाडी दिली. नव्या इंजिनाला सांभाळून चालवायचे दिवस संपले आणि दादासोंनी पाय दाबला. सुई तीन हजारांवर जाऊन बसली. गाडीच्या पुस्तकात साडेचार हजार लिहिलेले. कितीही दाबा, सुई पुढं सरकेना.

“गाडी पळती, न्हाई म्हनत न्हाई,” दादासो गॅरेजात येऊन म्हणाले, “पर इंजनाचा तिसरा हिस्सा जीव कुठं ठिवलास?”

“इंजन पुरं फिरतंय. मीटर खोटं हाय.”

झालं! दुसऱ्या दिवशी पेठेत दादासोंनी अडत्यांना आणि हमालांना जमवून सांगितलं, “जाफर म्हनतो मीटर खोटं. नाचता यीना, अंगण वाकडं!” लोक पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत ते हसू गॅरेजच्या दारात येऊन पोचलं. वर दादासोंचा निरोप आला, सोमवारी गाडी न्यायला येतो, पुण्याच्या मोठ्या गॅरेजात इंजिन पुन्हा खोलून घेतो.

जाफरनं केलेलं इंजिन दुसऱ्यानं खोलायचं! जाफरनं गाडी तपासायला आधीच मागवून घेतली होती. टायमिंग पाहिलं, व्हॉल्व्ह पाहिले, कार्बोरेटर धुतला. कुठं काही नाही. कान सांगत होता चार हजारांच्या वर, सुई सांगत होती तीन हजारांच्या आत. शेजारच्या वायरमननं सल्ला दिला की सुई उपसून जरा पुढं बसवू, कुणाला कळतंय? जाफरनं त्याला दारातून हाकललं. पण त्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, “मेहरुन, माझा कान गेला आसंल का गं?” नवऱ्यानं स्वतःबद्दल शंका काढलेली मेहरुनबीनं लग्नापासून पहिल्यांदा ऐकली. तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी मेहरुनबीचा भाऊ रसूल आला. रसूल कोयनानगरला वीजघरात ऑपरेटर, आणि सगळ्या महाराष्ट्राचे दिवे आपणच लावतो अशा थाटात चालणारा. जाफर लेथवर जॉब लावून, म्हणजे लोखंडाचा तुकडा फिरवून, कातत होता. वर नवी ट्यूबलाइट जळत होती, तरी लेथच्या डोक्यावर त्यानं एक पिवळा बल्ब टांगलेला.

“दाजी, ट्यूब असताना बल्ब कशाला जाळताय?”

“निस्त्या ट्यूबमदी फिरता जॉब थांबल्यागत दिसतो. परवा बोटंच जायाची माझी.”

“दिसनारच की. ट्यूब सेकंदाला शंभर डाव लपकती, म्हंजी पेटती-इझती. जॉब त्याच तालावर फिरला की डोळ्याला उभा दिसतो.”

जाफरनं लेथ बंद केला. “शंभर? मोजून शंभर?”

“मग! आमच्या कोयनेचा करंट हाय त्यो.”

“आन् इंजनासंगं फिरनाऱ्या पुलीवर खडूनं रेघ मारली तर?”

रसूल बघतच राहिला. मग त्याला कळलं, आणि त्यानं दाजीच्या पाठीत असा धपका हाणला की मेहरुनबी हातातला चहा तसाच सोडून बाहेर आली.

सोमवारी दादासो आले ते गाडी न्यायलाच. जाफर म्हणाला, “न्या. पर आदी एक डाव बगा.” गाडीचं शेपूट दाराबाहेर, म्हणजे धूर बाहेर. आत ताडपत्र्या सोडून अंधार केलेला. उघड्या बॉनेटवर रसूलनं ट्यूब धरली. पुलीवर एकच पांढरी रेघ.

“मिनिटाला दोन हजार फेऱ्या झाल्या की ट्यूब एका फेरीत तीन डाव लपकती, म्हनून एका रेघंच्या तीन दिसतील,” रसूल म्हणाला. “तीन हजार झाल्या की दोन, समोरासमोर.”

“सांगलीचा करंट कसला रं? सांजचं दिव्याचा काजवा व्हतोय,” दादासो म्हणाले.

“दिवा बारीक व्हतो, लपकारं तेवढंच ऱ्हात्यात. कोयनेत ते लपकारं मोजनाऱ्या काट्याम्होरंच मी बसतो, दादासो. लई तर शंभरात दोन-तीन इकडंतिकडं.”

जाफरनं कार्बोरेटरजवळ हातानंच इंजिनाचा वेग वाढवत नेला. रेघा पांढरट धुरासारख्या फिरल्या, मग तीन होऊन थबकल्या, पुन्हा विरघळल्या, आणि शेवटी समोरासमोर दोन रेघा गपकन उभ्या राहिल्या. एवढं इंजिन गर्जत होतं आणि पुली ठार उभी! दादासोंनी तोंडात बोट घातलं.

“आता मीटर वाचा.”

दादासो वाकले. पुन्हा वाकले. “दोन हजार,” ते पुटपुटले.

“इंजन तीन, सुई दोन. नेमका तिसरा हिस्सा खातीया.” जाफरनं इंजिन बंद केलं आणि पान्यानं मीटर सोडवून हातात घेतलं. “ह्ये मीटर प्लगच्या ठिनग्या मोजतंय. चार सिलेंडरला एका फेरीत दोन, सहाला तीन.” मीटरच्या पाठीवरची धूळ अंगठ्यानं पुसून त्यानं सहाचा आकडा दाखवला. “ह्ये सहा सिलेंडरच्या गाडीचं हाय, तुमची गाडी चारची. साडेचार दावायच्या नादात तुमी उतारावर आनखी रेटलं आसतं, तर इंजनाच्या ठिकऱ्या झाल्या आसत्या.”

दादासोंनी मीटर जाफरच्या हातातून घेतलं आणि तो सहाचा आकडा स्वतः वाचला. ते त्यांनी स्वतः निवडलेलं होतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

“बस गाडीत,” ते म्हणाले. “तू बी, कोयनावाले.”

“कुठं?”

“जितं बोललो तितं.”

पेठेत गाडी थांबली. दादासो उतरले आणि चार गल्ल्यांना ऐकू जाईल अशा त्याच आवाजात बोलले. “ऐका रं! परवा हितं मी जाफरला हसलो. चूक माझी. मीटर मी आनल्यालं, ते चुकीचं. जाफरचं इंजन खणखणीत हाय, आन् त्याचा कान मीटरापरास खरा हाय!” कुणी हसलं नाही. एक म्हातारा अडत्या उठला आणि त्यानं जाफरला पान दिलं. जाफरची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तुटायची.

दादासो एवढ्यावर थांबले नाहीत. “डॅशबोर्डावर मीटरचं जे भोक पडलंय, तितं पितळी पट्टी बसीव. तुझं नाव कोर तिच्यावर. माझी गाडी हाय तवर ते ऱ्हाईल.”

जाफरनं त्या भोकाकडे पाहिलं. पितळेवर आपलं नाव कसं दिसेल, हेही त्याला दिसलं. मग तो म्हणाला, “नगं, दादासो. चार सिलेंडरचं चांगलं मीटर आना. उद्या कोन चालवंल, त्याला इंजन किती फिरतंय ते कळाय पायजे. नावावरनं काय कळनार?”

“आनतो. ह्या डावाला तुला इचारून,” दादासो म्हणाले.

परत येताना रसूलला राहवेना. “दाजी, येडं हाय का तुमी? पितळी पट्टी सोडली!”

“लई वाईट वाटाय लागलंय रं,” जाफर म्हणाला. “पर मेहरुनला काय सांगू नगंस. तिला सांगताना मी रुबाबात सांगनार हाय.”