नंबर आला का?

धसईच्या बाजारात माझं ऑनलाइनचं दुकान आहे. गॅस, रेशन, दाखले, पीकविमा, काहीही करायचं तर आधी मोबाइलवर नंबर येतो आणि तो मला सांगावा लागतो. दिवसातून शंभरदा मी एकच वाक्य बोलते, "नंबर आला का? सांगा पटकन." माझ्या खुर्चीमागे भिंतीवर कागद चिकटवलाय, 'ओटीपी कोणालाही सांगू नका.' त्या कागदाकडे बघत बघतच लोक मला ओटीपी सांगतात. सात वर्षं झाली, कोणाला त्याचं हसू आलं नाही. मलाही नाही.

देवकीकाकी शाळेत गेलेली नाही. तिला नंबर वाचता येईना, तोवर वेळ संपायची, पुन्हा मागवायचा, मागे रांग खोळंबायची. शेवटी वैतागून गेल्या वर्षी मीच तिला कॅलेंडरच्या मागच्या बाजूला इंग्रजी आकडे लिहून दिले आणि घोकून घेतले. महिन्याभरात शिकली. मग एसटीच्या पाटीवरचे, गिरणीच्या काट्यावरचे आकडे मोठमोठ्याने वाचत फिरायची. तिचा नवरा, नवसूकाका म्हणायचा, "म्हातारी कलेक्टर झाली."

आज दुपारी आली ती सरळ बाकावर बसली. रांगही धरली नाही.

"भाताचे पैसे गेले गो, दर्शना."

भात विकून आलेले ते पैसे तिच्या नातीच्या, नम्रताच्या नर्सिंगच्या फीचे. शुक्रवार शेवटची तारीख. पोरीनं बॅगसुद्धा भरून ठेवली होती.

"कोणाचा फोन होता?"

"बँकेतून. बोलला, कागद अपुरा हाय, पैसे परत जातील. कार्डावरचा नंबर इचारला, तो वाचला. मंग मोबाइलवर आला, तो वाचला. तीनदा."

मी ओरडले. ओरडायला मला काही लागत नाही. "काकी, कितीदा सांगलंय, कोणाला नंबर द्यायचा नाय! अक्कल गहाण ठेवलीस काय?"

ती हळूच म्हणाली, "तो पण तुज्यावाणीच बोलला गो. नंबर आला का? मला वाटलं, कामाचाच माणूस हाय. आणि तू पटकन पटकन करतेस. तो बोलला, सावकाश वाचा काकी, घाई नाय."

रांगेतली माणसं खाली बघायला लागली. सात वर्षांत मी कोणाला सावकाश वाचा म्हटल्याचं मला आठवेना. वाईट वाटलं, आणि वाईट वाटायचाही कंटाळा आला. या महिन्यातली ही चौथी फसवणूक. प्रत्येक वेळी मी आधी ओरडते, मग तक्रार भरते. वरातीमागून घोडं.

सायबर पोलिसांच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. त्यांनी नोंद घेतली, बाकीची माहिती साइटवर भरा म्हणाले. पैसे मिळतील का, विचारलं. "प्रयत्न करू," म्हणाले. साइट उघडली, काकीचा मोबाइल नंबर टाकला. पुढचा रकाना आला. ओटीपी.

रोजचं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच अडकलं. काकीच्या हातातला मोबाइल वाजला. मी हात पुढे केला. म्हटलं, आपणच बघावा.

तिनं मोबाइल मागे ओढून छातीशी धरला. दुधाने तोंड पोळलंय, आता ताकही फुंकून पिणार, असं मला वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं.

"थांब गो," ती म्हणाली, "मी वाचतंय ना."

मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून, एकेका आकड्याखाली बोट ठेवत, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असे तिनं सहाही आकडे वाचले. कुठे अडली नाही.

"बरोबर वाचला ना?"

"बरोबर, काकी," मी म्हणाले, आणि आकडे भरले.