यादीतलं सहावं नाव

“शॉर्टहँड, सहाय्यक अभिनेत्रीत सहा नावं दिसतायत. पाचच असतात ना?”

केमिस्टचा मेसेज आला तेव्हा शॉर्टहँड टेबलाशीच बसला होता. सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती आणि यादी पाठवून त्याला चार मिनिटंही झाली नव्हती. त्याने मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

‘पहिली रांग’ हा सिनेमावेड्यांचा ग्रुप. माणसं एकूण त्रेचाळीस. त्यातली निम्मी एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, पण कोणाला कुठल्या सिनेमात रडू आलं हे सगळ्यांना पाठ. वर्षाच्या मोठ्या पुरस्काराची नामांकनं म्हणजे या लोकांच्या घरचा परीक्षेचा निकाल. जाहीर करणाऱ्यांचं नोकरदारांशी काय वैर आहे कोण जाणे, नामांकनं दरवर्षी कामाच्या दिवशी, सकाळी अकरालाच जाहीर होतात. त्या वेळी केमिस्ट दुकानात गिऱ्हाइकांच्या गराड्यात असतो आणि प्रोफेसर त्याच्या तिकीट-बुकिंगच्या ऑफिसात. प्रोफेसर हा ग्रुपचा अ‍ॅडमिन. त्याने आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही, पण साधं ‘गुड मॉर्निंग’ही तो तीन परिच्छेदांत घालतो, म्हणून प्रोफेसर. तर हे सगळे असे अडकलेले असताना घरी बसून कार्यक्रम ऐकायचा आणि यादी ग्रुपवर टाकायची, हे काम नऊ वर्षं शॉर्टहँडचं होतं. नोकरीत होता तेव्हा तो त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकायचा.

चौतीस वर्षं तो कोर्टात लघुलेखक होता. साक्षीदार हुंदके देवोत की वकील टेबल बडवोत, याचं पेन आपलं चालू. एकदा एका वकिलाने मधल्या सुट्टीत त्याला गाठून अगदी लाडीगोडीने विचारलं होतं, “ते वाक्य तुम्हाला नीट ऐकू आलं नसेल, नाही का?” त्यावर हा म्हणाला होता, “मी ऐकत नाही साहेब, मी लिहितो.” हा किस्सा त्याने ग्रुपवर सांगितला आणि तेव्हापासून त्याच्या यादीबद्दल कोणी शंका काढली नव्हती.

यादी करायची त्याची एक रीत होती. ज्यांची ज्यांची नावं लागू शकतात ती सगळी तो आदल्या दिवशीच त्या त्या विभागाखाली टाइप करून ठेवायचा. मग कार्यक्रम चालू असताना फक्त न वाचलेली नावं खोडत जायची. निवेदिकेने शेवटचं नाव घेतलं न घेतलं तोच यादी ग्रुपवर. या वर्षी सहाय्यक अभिनेत्रीखाली त्याने नऊ नावं घातली होती. त्यातली पाच वाचली गेली. तीन त्याने खोडली. नवव्या नावावर बोट आलं आणि तिथेच थांबलं. तोवर निवेदिका पुढच्या विभागाकडे वळलीसुद्धा.

इकडे ग्रुपवर नुसता गदारोळ उडाला होता.

“आपल्या हिरोला वगळलं? परीक्षक झोपले होते का?”

“झोपले नव्हते. सिनेमाच बघितला नव्हता.”

“त्याला नाही आणि त्या ओंडक्याला आहे! बस झालं. यंदा मी सोहळा बघणार नाही.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणालात आणि शेवटच्या आभारांपर्यंत हलला नाहीत.”

प्रोफेसरने संकलनाच्या ऱ्हासावर तीन परिच्छेद टाकले. ते कोणी वाचले नाहीत. तेवढ्यात केमिस्टचा तो प्रश्न आला आणि सगळ्यांचं लक्ष तिकडे गेलं.

“ही सहावी कोण?”

“अरे, आत्याबाई! प्रत्येक सिनेमात दार उघडते ती!”

“‘आलास? बस, पाणी देते’ वाली?”

“तीच! चाळीस वर्षं लोकांना दारं उघडतेय बिचारी. आज कोणीतरी तिच्यासाठी उघडलं.”

“मतं समान पडली असणार,” प्रोफेसरने निर्वाळा दिला. “अशा वेळी सहा नावं घेतात. पूर्वी घेतलेली आहेत.” पूर्वी म्हणजे केव्हा ते त्याने सांगितलं नाही, पण शंका मिटली. पाच मिनिटांत हिरोचं दुःख मागे पडलं. आत्याबाई सगळ्यांना पहिल्यापासूनच आवडत होत्या, असं निघालं.

शॉर्टहँड एकेक मेसेज वाचत होता आणि त्याला बरं वाटत होतं. उगाच लपवण्यात अर्थ नाही, चांगलंच बरं वाटत होतं. घरात इतक्या लोकांचा आनंद एकदम येऊन दोन वर्षं झाली होती.

आत्याबाई त्याला दाखवल्या त्या बायकोने. “सगळे बोलतात, ही एकटी ऐकते बघा,” ती म्हणायची. मग तोही त्यांच्याकडेच बघायला लागला, आणि ते खरं होतं. हिरो तावातावाने बोलत असायचा, कॅमेरा त्याच्यावर, आणि कोपऱ्यात अर्ध्यामुर्ध्या दिसणाऱ्या या बाई अशा काही ऐकत असायच्या की हिरोचा आवाज बंद केला तरी तो काय बोलतोय ते कळावं. “तुम्ही दिवसभर कोर्टात जगाचं ऐकता आणि घरी आलात की ठार बहिरे,” बायको चिडवायची. जिना चढताना धाप लागते, हे तिने त्याला दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तो ‘हं’ म्हणाला होता. तिसऱ्यांदा सांगायला ती राहिली नाही.

यंदाचा सिनेमा त्याने एकट्याने पाहिला, दुपारच्या खेळाला, आणि आठवड्याने परत पाहिला. त्यात आत्याबाई एका थोराड भावाच्या बहीण आहेत. भाऊ राहतं घर विकल्याचं सांगत असतो, आणि त्या कपड्यांच्या घड्या घालत ऐकत असतात. चार मिनिटं, एक शब्द नाही. पेपरवाल्यांनी भावाला डोक्यावर घेतलं. बाईंचं नाव कोणी छापलंही नाही. नवव्या नावावर बोट थांबलं ते एवढ्यासाठीच, बाकी काही मोठा विचार त्यात नव्हता.

पावणेबाराला केमिस्टने लिहिलं, “कधी बोललो नव्हतो, पण आत्याबाईंची औषधं माझ्याच दुकानातून जातात. आत्ता फोन लावला त्यांना. त्यांना पत्ताच नव्हता हो! मग म्हणाल्या, परत एकदा सांगा.”

त्यावर टाळ्यांचा आणि बदामांचा पाऊस पडला. शॉर्टहँडने केमिस्टचा मेसेज परत वाचला. त्याने नाव घातलं होतं ते यादीत. ही बाई खरोखर कुठेतरी राहते, तिच्या घरी फोन वाजतो, तिला रोजच्या गोळ्या लागतात, हे त्याच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं.

बाराला पुरस्कारवाल्यांची अधिकृत यादी आली. तीत पाच नावं होती. आता आपण पकडले गेलो, असं म्हणून शॉर्टहँड हात मांडीवर ठेवून बसून राहिला. पण झालं भलतंच.

“नाव काढलं!”

“पाऊण तासापूर्वी होतं, आता गायब! कोणाचा फोन आला असेल?”

“शॉर्टहँडने लिहिलंय म्हणजे ते वाचलं गेलंय. कोर्टातला माणूस आहे तो. एक अक्षर इकडचं तिकडे होत नाही.”

संध्याकाळी कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग येणार होतं, पण तेही कापलेलं असणार, असं म्हणायची या मंडळींची आत्ताच तयारी झाली होती. प्रोफेसरने निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. “आमच्या सदस्याने स्वतः ऐकून नोंदवलेल्या यादीनुसार” अशी त्याची सुरुवात होती. मग त्याने विचारलं, “शॉर्टहँड, तुम्ही फक्त ‘होय, ऐकलं’ एवढं लिहा. बाकी मी बघतो.”

दोन शब्दांचंच काम होतं. ते लिहिले असते तर तो त्या दिवसाचा नायक झाला असता, आणि ग्रुपवर निदान महिनाभर तरी त्याच्याशी रोज कोणी ना कोणी बोललं असतं. त्याने ‘होय’ टाइप केलंही. मग ते खोडलं आणि लिहिलं, “नाव वाचलं गेलं नाही. मी ते खोडलं नाही. चुकून नव्हे, मुद्दाम.”

मग एकाने लिहिलं, “का पण?” दुसऱ्याने लिहिलं, “गंमत वाटली का?” केमिस्टने लिहिलं, “आता मी त्या बाईंना काय तोंड दाखवू?” प्रोफेसरने जन्मात पहिल्यांदाच एका ओळीत आटपलं, “पुढच्या वर्षीपासून यादी दुसरं कोणी करेल.” त्या ओळीला भराभर अंगठे पडत गेले. शॉर्टहँडने ते सोळापर्यंत मोजले आणि मग मोजायचं सोडलं. निवृत्त झाला त्या दिवशी त्याला काही वाटलं नव्हतं. आज वाटलं. चूक त्याची होती, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

त्याने केमिस्टला वेगळा मेसेज केला, “बाईंचा नंबर द्या. मी सांगतो त्यांना.” केमिस्टने नुसता नंबर पाठवला.

“हॅलो?”

आवाज तोच होता, दार उघडणारा.

“सकाळची यादी... ती यादी करणारा मी.”

“अगंबाई, हो का? या, बसा. बघा, फोनवरही बसा म्हणतेय मी.” बाई हसल्या. “सवयच लागलीय तोंडाला.”

“बाई, यादीत तुमचं नाव नव्हतं. मी घातलं.”

पलीकडे काहीच नाही. कोर्टात अशी शांतता झाली की तो पेन खाली ठेवून बोटं मोडून घ्यायचा. आता त्याला काही करता येईना.

“चुकून घातलंत?”

“नाही.”

“म्हणजे थट्टा केलीत.”

“थट्टा नाही हो. तुमचं नाव माझ्याने खोडवेना.”

“असं,” बाई म्हणाल्या. “चाळीस वर्षांत नाव आहे म्हणून आज सकाळपर्यंत कधी कोणाचा फोन आला नव्हता. पण नाव नाही हे सांगायला फोन करणारे तुम्ही पहिलेच. ते आम्हाला न सांगताच कळतं.”

“मला माफ करा.” मग एवढ्यावर थांबवेना म्हणून तो घाईघाईने बोलत सुटला. “भाऊ घर विकल्याचं सांगतो ना, तेव्हा तुम्ही त्याच्या शर्टाची बाही दुमडता, मग उलगडता, आणि परत दुमडता. मी दोनदा जाऊन बघितलं. दुसऱ्यांदा तेवढ्यासाठीच गेलो होतो.”

“ते मी घरून ठरवून गेले होते,” बाई हळूच म्हणाल्या. “दिग्दर्शकालाही सांगितलं नव्हतं.”

निभावलं, असं त्याला क्षणभर वाटलं.

“पण तुम्ही काय करून बसलात, कळतंय का तुम्हाला?” हा आवाज कुठल्याच सिनेमातला नव्हता. “मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगून मोकळी झालेय. नव्वदीला आलीय ती. तिला ऐकू येत नाही, एकेक गोष्ट तीन-तीनदा ओरडून सांगावी लागते. चांगली बातमी असली की ओरडायला काही वाटत नाही हो. ही कशी ओरडू?”

“मी सांगू का त्यांना?”

“नको. तुम्ही फोन ठेवू नका. तुम्हाला ऐकणाऱ्यांचं एवढं कौतुक आहे ना? मग ऐका.”

मोबाइल कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. चपला घासत पलीकडे गेल्या. घरातल्या दुसऱ्या फोनची बटणं दाबली गेली. मग बराच वेळ काही नाही, आणि एकदम बाईंचा आवाज चढला.

“ताई! मी बोलतेय! ... अगं, ते सकाळचं नाही का! ... नाही! माझं नाव नाही! ... नाव नाही म्हणते मी! ... कोणी फसवलं नाही गं! एका माणसाची चूक झाली! ... आता तू कोणाला फोन करून भांडू नकोस!”

शॉर्टहँडने डोळे मिटले होते. फोन कानावर इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

“मला वाईट नाही वाटलं!” बाई ओरडल्या. मग त्याहून मोठ्याने, “वाईट नाही वाटलं गं!” तिसऱ्यांदा त्यांनी एकेक शब्द सुटा केला, लहान मुलाला सांगावा तसा, “मला. वाईट. नाही. वाटलं.”

त्यानंतर त्या नुसत्या ऐकत राहिल्या. बहीण काय म्हणत होती ते इथवर येत नव्हतं. पलीकडच्या खोलीत पंखा फिरत होता, तेवढा ऐकू येत होता. शेवटी बाई म्हणाल्या, “हो गं. वाटलं.” आणि त्या ते इतक्या हळू म्हणाल्या की बहिणीला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. शॉर्टहँडला ते ऐकू आलं.